हरवलेले ३८ जीबी आणि डी ड्राइव्हचा बांध

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराडजवळ राहते. बचत गटाचे हिशेब, भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आणि वीस वर्षांचे फोटो असा माझा सगळा पसारा आजवर एका जुन्या डेस्कटॉपवर होता. त्यात सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह होते. डीमध्ये फोटो, ईमध्ये भजनं, अशी मी सोय लावून घेतली होती. दिवाळीत मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिला. खोक्यावर ५१२ जीबी एसएसडी (आतली साठवणीची डिस्क) असं छापलंय. उघडून बघते तर एकटा सी ड्राइव्ह, आणि तोही ४७४ जीबीचा! त्यातले ६५ जीबी आधीच भरलेले, मी अजून एक फोटोसुद्धा टाकलेला नाही. आमचे हे म्हणतात, दुकानदाराने ३८ जीबी खाल्ले, जाऊन जाब विचार. भाचा म्हणतो, ‘मावशी, पार्टिशन, म्हणजे डिस्कचे तुकडे पाडून सी-डी करून घे, नाहीतर व्हायरस आला की सगळंच जाईल.’ (लॅपटॉप त्यानेच त्याच्या ईमेलवरून सुरू करून दिलाय.) दुकानदार पार्टिशन करून द्यायचे ८०० रुपये मागतोय. मी कोणाचं ऐकू?

– एक वाचक, जि. सातारा

ताई, नमस्कार.

तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. दुकानदाराने तुमचं काही खाल्लेलं नाही, भाच्याचा उपाय रोगाला लागू पडत नाही आणि ८०० रुपयांचं काम तुम्ही घरबसल्या दहा मिनिटांत करू शकता. करावं की नाही, हा पुढचा प्रश्न. पण तुमच्या पत्रातलं खरं काळजीचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याकडे मी येणारच आहे. आधी ३८ जीबीचा हिशेब मिटवू, म्हणजे घरात शांतता होईल.

आपल्याकडे पूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन मापं चालायची, तुमच्या आईच्या तोंडी हे शब्द तुम्ही ऐकले असतील. पोत्यातलं धान्य तेवढंच. कच्च्या शेराने मोजलं की आकडा मोठा येई, पक्क्याने मोजलं की लहान. धान्य मात्र कोणी काढून घेतलेलं नसे. तुमच्या लॅपटॉपचं अगदी हेच झालंय. डिस्क बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे बरोबर शंभर कोटी बाइट धरते. विंडोज हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतं, कारण संगणकाचं सगळं गणित दोनच्या घातांवर चालतं आणि दहा वेळा दोन लिहून त्यांचा गुणाकार केला की १०२४ येतात. हजाराच्या जवळचा आकडा, म्हणून सुरुवातीच्या मंडळींनी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे विंडोजचा एक जीबी भरतो १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. आता ५१२ अब्जाला या आकड्याने भागा. उत्तर ४७६ आणि वर थोडं.

तुम्ही शिक्षिका आहात, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, पडताळा घ्या. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे कपॅसिटीसमोर दोन आकडे दिसतील. एक ४७४ जीबी, आणि त्याच्या डावीकडे बाइटमधला बारा अंकी लांबलचक आकडा. तो ५०९ पासून सुरू होत असेल. दुकानदाराचं माप आणि विंडोजचं माप एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेलं आहे. ह्यांना तेवढी ओळ दाखवा.

पुष्कळ जण हे समजावताना फ्लॅटच्या कार्पेट एरियाचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही. तिथे जिना आणि लॉबीचे पैसे आपल्याकडून घेतलेले असतात, जागा खरोखरच कमी मिळते. इथे एकही बाइट कमी मिळालेला नाही, फक्त मापाचं नाव एक आणि मापं दोन. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने १९९८ साली १०२४ वाल्या मापाला ‘गिबिबाइट’ असं वेगळं नावसुद्धा दिलं. पण विंडोजने मोजणी गिबिबाइटमध्ये आणि लिहिणं जीबी, हा जुना खाक्या सोडला नाही. ॲपलने २००९ पासून मॅकवर हजाराचं माप धरलं, म्हणून हीच डिस्क मॅकमध्ये ५१२ च्या आसपास दिसते. अमेरिकेत या फरकावरून वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीवर दावाही झाला होता. २००६ साली तडजोड झाली आणि गिऱ्हाइकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. बॅकअपचं, हं. लक्षात असू द्या.

माप जसं मोठं होत जातं तसा हा फरकही वाढतो. जीबीला साधारण सात टक्के, टीबीला (म्हणजे हजार जीबीला) नऊ. उद्या तुम्ही एक टीबीची डिस्क आणाल तेव्हा ती ९३१ दिसेल. ह्यांना आत्ताच सांगून ठेवा.

आता ४७६ वरून ४७४ कसे झाले, ते पाहू. खाली डाव्या बाजूला किंवा मधोमध जे विंडोजचं स्टार्ट बटण आहे, त्यावर राइट क्लिक करा. यादीत डिस्क मॅनेजमेंट दिसेल, ते उघडा. नुसतं बघायचं, काही दाबायचं नाही. खालच्या अर्ध्या भागात ‘डिस्क ०’ असं लिहिलेली एक आडवी पट्टी असेल, म्हणजे तुमची सबंध एसएसडी. तिचे तीन-चार तुकडे पडलेले दिसतील. मधला सर्वांत मोठा तुकडा म्हणजे सी. म्हणजे गंमत बघा, तुम्ही म्हणता पार्टिशन नाहीत, आणि लॅपटॉप पार्टिशन पाडूनच घरी आलाय. फक्त बाकीच्यांना अक्षर दिलेलं नाही, म्हणून ते घरातल्या माणसासारखे समोर येत नाहीत.

सी च्या अलीकडचा बारका तुकडा, बहुधा १०० किंवा २६० एमबीचा (साधारण हजार एमबींचा एक जीबी), तो ईएफआय. बटण दाबल्यावर लॅपटॉप पहिल्यांदा तिथे जातो आणि विंडोज कुठून सुरू करायचं ते विचारतो. त्याच्याशेजारी १६ एमबीची एक चिंधी विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते, ती या चित्रात दिसतच नाही. आणि सी च्या पलीकडे, बहुतेक वेळा शेवटी, रिकव्हरीचा तुकडा. विंडोज चालूच होत नसेल तर दुरुस्तीची हत्यारं त्यात असतात. काही कंपन्या त्यात लॅपटॉप पहिल्यासारखा करून देणारी सगळी सामग्री भरतात, तेव्हा तो दहा-वीस जीबीचाही असतो. तुमच्याकडे तो दोनेक जीबीचा असावा, हिशेब तसाच जुळतो.

‘नाव नाही, गाव नाही, मग काढून टाका की’ असं सांगणारे हुशार लोक गावोगाव भेटतात. ईएफआय उडवला की पुढच्या वेळी लॅपटॉप काळा पडदा दाखवून गप्प बसेल. रिकव्हरी उडवला तर आज काही बिघडणार नाही, ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी कळेल. दोन जीबी वाचवण्यासाठी घरातली कुऱ्हाड-कुदळ विकण्यासारखं आहे ते. उलट हा तुकडा फार लहान असला तरी पंचाईत होते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट असंख्य लोकांच्या संगणकावर एरर देऊन अडकून बसलं, कारण रिकव्हरीच्या तुकड्यात त्याला पुरेशी मोकळी जागाच नव्हती.

आणि ते ६५ जीबी? त्यात खुद्द विंडोज आलं, आधीपासून भरून दिलेलं ऑफिस आलं, कंपनीने न विचारता टाकलेली दहा-बारा ॲप्स आली. याशिवाय दोन मोठ्या फायली लपलेल्या असतात. एक, रॅम (चालू कामापुरती जागा) कमी पडली तर तात्पुरतं सामान टेकवायला. दुसरी, लॅपटॉप गाढ झोपवताना चालू काम जसंच्या तसं लिहून ठेवायला. ही दुसरी साधारणपणे रॅमच्या चाळीस टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीहून जास्त. अपडेटसाठी म्हणूनही विंडोज सातेक जीबी राखून ठेवतं. हे सगळं घरखर्चात धरा. तुमच्याकडे चारशेहून अधिक जीबी मोकळे आहेत. नको ती ॲप्स अनइन्स्टॉल करा, बाकी कशाला हात लावू नका. युट्यूबवर पाहून सी मधली फोल्डर हाताने पुसायला तर मुळीच जाऊ नका.

आता कंस.

लॅपटॉप भाच्याने ‘त्याच्या ईमेलवरून’ सुरू करून दिला. मुलगा चांगला आहे, मावशीचं काम केलं, यात शंका नाही. पण हल्लीचे विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात लिहिलं जातं. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला तुमचे फोटो दिसू नयेत, हा हेतू. रोज तुम्हाला हे कुलूप जाणवणारही नाही. पण कधी मदरबोर्ड बदलला, कधी आतल्या सेटिंगमध्ये फरक पडला, की एक निळा पडदा येतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. पासवर्ड नाही, पिन नाही, ४८ अंकी किल्ली. ती तुम्ही कधी पाहिलेलीसुद्धा नसते. ती आपोआप जमा झालेली असते ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात. तुमच्या बाबतीत, भाच्याच्या. उद्या भाचा परदेशी गेला, त्याने ते ईमेल सोडून दिलं, तर किल्ली कोणाकडेच नाही. आणि किल्ली नाही तर जगातला कोणताही मेकॅनिक ती डिस्क उघडू शकत नाही. विंडोज नव्याने टाकून मिळेल, फोटो मिळणार नाहीत.

दुसरी गोष्ट. त्याच खात्याने वनड्राइव्हही सुरू झालेलं असेल. तसं असेल तर तुम्ही डॉक्युमेंट्समध्ये बचत गटाचा हिशेब ठेवाल, आणि त्याची प्रत गुपचूप भाच्याच्या इंटरनेटवरच्या कपाटात जाऊन पडेल. त्याचं फुकटचं कपाट पाच जीबीचं. ते भरलं की दोघांनाही ‘जागा संपली’ असा निरोप येत राहील, आणि तुम्ही मला पुन्हा लिहाल की चारशे जीबी मोकळे असताना जागा संपली कशी!

तर लॅपटॉप अजून कोरा आहे तोवर हे निस्तरा. सर्वांत स्वच्छ मार्ग असा : स्वतःच्या नावाचं ईमेल आणि मायक्रोसॉफ्ट खातं काढा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने ‘रीसेट धिस पीसी’ निवडा, सगळं काढून टाका म्हणा, आणि लॅपटॉप पहिल्या दिवशीसारखा झाला की तुमच्या खात्याने सुरू करा. अर्धा दिवस जाईल. भाच्याला शेजारी बसवा, चहा-पोहे द्या, पण ईमेल तुमचं. (लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस त्याच्या खात्यावर नोंदलं गेलं असेल तर ते तिथेच राहतं. ऑफिससाठी तेवढं त्याच्या खात्याने लॉगिन करावं लागेल, इलाज नाही.) हे झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हायसेसच्या यादीत आपला लॅपटॉप शोधा आणि बिटलॉकरची (हे त्या कुलपाचं नाव) रिकव्हरी की उघडा. ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्या, दोनदा पडताळा आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

पार्टिशन करा अगर न करा, हे मात्र आधी करा.

आता डी ड्राइव्ह. हा प्रश्न खरं तर तांत्रिक कमी आणि सवयीचा जास्त आहे. सी हेच अक्षर का, याचा कधी विचार केलाय? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, तिच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं. फ्लॉप्या गेल्या, सी तिथेच राहिला. पुढे नव्वदच्या दशकात डिस्क मोठ्या झाल्या, पण त्या काळची फाइल मांडायची पद्धत एका तुकड्यात दोन जीबीच्या वर मोजूच शकत नसे. आठ जीबीची डिस्क घेतली तर चार तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९९६ नंतर ही अडचण हळूहळू दूर झाली. पण तोवर ‘शहाणा माणूस सी, डी, ई करतो’ हे गल्लीतल्या प्रत्येक कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं गेलं होतं, आणि त्या क्लासातून शिकलेले लोकच पुढे दुकानदार झाले. मीही त्यातलाच.

त्या काळी याला एक चांगलं कारणही होतं. विंडोज दर वर्षा-दोन वर्षांनी इतकं मंदावायचं की सी साफ पुसून नवं टाकावं लागे, आणि डीमधले फोटो त्यातून वाचत. आज विंडोजमध्येच ‘माझ्या फायली ठेवून बाकीचं नवं कर’ अशी सोय आहे. वेग वाढतो, हेही आता खरं नाही. जुन्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असे आणि तिच्यावर पुढे-मागे धावणारी सुई. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नाही. तुम्ही पडद्यावर रेघ मारली तरी आतल्या चिप तुमची रेघ मानत नाहीत. कुठल्या कोपऱ्याची झीज जास्त झाली ते पाहून डिस्क आपलं सामान स्वतःच सगळीकडे सारखं पसरवत असते.

राहिला भाच्याचा व्हायरस. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे हल्लीचे व्हायरस अक्षर बघून थांबत नाहीत. सी झाला की डी, डी झाला की त्या वेळी लावून ठेवलेला पेनड्राइव्हसुद्धा. माजघर आणि देवघर यांच्यामध्ये भिंत घातली म्हणून वाड्याला लागलेली आग देवघराशी येऊन परत फिरत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०११ सालची गोष्ट. माझ्या डेस्कटॉपवर डीमध्ये फोटो होते आणि ईमध्ये ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर, त्यात त्याच फोटोंची दुसरी प्रत. दर रविवारी मी नेमाने प्रत काढायचो आणि स्वतःवर खूश असायचो. एका सकाळी आतून खट् खट् आवाज यायला लागला. संध्याकाळपर्यंत सी, डी आणि ई तिघेही एकत्र गेले, कारण तिघे एकाच तबकडीवर राहत होते. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात होते. नातेवाइकांच्या मोबाइलमधून सहा परत मिळाले. एसएसडी तर आवाजसुद्धा करत नाही, काल चालत होती आणि आज दिसतच नाही, असा तिचा शेवट असतो. आणि चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जुन्या डिस्कपेक्षा तिच्यात फार कमी असते, कारण मोकळी झालेली जागा ती लगेच साफ करायला घेते.

म्हणून माझं मत विचाराल तर एकटा सी राहू द्या. त्यात ‘फोटो’ आणि ‘भजनं’ अशी दोन फोल्डर करा, डेस्कटॉपवर त्यांचे शॉर्टकट ठेवा. तुमची डी-ई ची सोय जशीच्या तशी झाली. तुकडे पाडल्यावर नेहमी घडतं ते असं : शंभर जीबीचा सी आणि पावणेचारशेचा डी करतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हॉट्सॲपवरून उतरलेले व्हिडिओ हे सगळं न सांगता सी मध्येच जातं. दीड वर्षात सी ची पट्टी लाल होते आणि शेजारी डी अर्धा रिकामा असतो. घर भरलेलं, परसात शेत पडीक. अशा लॅपटॉपची दुरुस्ती हे दुकानांचं चांगलं उत्पन्न आहे, म्हणजे पार्टिशन करायचे ८०० आणि दीड वर्षाने मोडायचे आणखी तेवढेच.

तरीही डी दिसल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, हे पत्रावरून कळतंच आहे. मग एकच डी करा, ई नको, आणि सी ला भरपूर ठेवा, अडीचशेच्या खाली नको. लॅपटॉप चार्जरला लावा, किल्लीचा कागद हाताशी ठेवा. त्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी च्या तुकड्यावर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. किती कमी करू, असं तो एमबीमध्ये विचारेल. इथे मघाचा पक्का शेर आठवा : २०० जीबीचा डी हवा असेल तर दोन लाख लिहू नका, २,०४,८०० लिहा. स्वल्पविराम न देता. कधी कधी भरपूर जागा मोकळी असूनही तो तेवढी सोडायला तयार होत नाही, कारण काही फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. मग जेवढी देतो तेवढी घ्या. जबरदस्ती करायला नेटवरून फुकटची पार्टिशनची सॉफ्टवेअर उतरवू नका. श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीचा मोकळा तुकडा दिसेल, त्यावर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, आणि पुढे नेक्स्ट नेक्स्ट. एनटीएफएस (फाइल मांडायची पद्धत) लिहून येईल तेच राहू द्या. कुठेही ‘डायनॅमिक डिस्क’ करू का असं विचारलं तर नाही म्हणा.

मोडायचं झालं तर काय, हेही आधी ऐका. बांध घालणं सोपं, सरकवणं अवघड. सी ला पुन्हा वाढवायचं तर मोकळी जमीन त्याच्या उजव्या बांधाला लागूनच हवी. डी अर्धा रिकामा आहे म्हणून त्यातली थोडी जागा कापून सी ला देता येत नाही, कारण डी मधून सुटलेली जागा त्याच्या पलीकडच्या कडेला निघते आणि मध्ये डी तसाच उभा असतो. मग डी मधलं सगळं दुसरीकडे हलवून, डी पूर्ण मोडूनच सी ला वाढवावं लागतं. काही लॅपटॉपमध्ये रिकव्हरीचा तुकडा असाच मध्ये येऊन बसतो. शेजारच्याशी बोलणं नसलेल्या शेतकऱ्यासारखी अवस्था होते, जमीन दिसते पण जायला वाट नाही.

तेव्हा ते ८०० रुपये दुकानदाराला देऊ नका. त्यात भर घालून एक टीबीची बाहेरून लावायची डिस्क घ्या. पहिल्यांदा ती जुन्या डेस्कटॉपला लावा आणि डी, ई मधलं सगळं तिच्यावर कॉपी करा. कट नव्हे, कॉपी. मग ती लॅपटॉपला लावून तिथून लॅपटॉपवर कॉपी करा. सामान हलवता हलवता दुसरी प्रत तयार झाली, वेगळे कष्ट नाहीत. हे काम पेनड्राइव्हवर करायला जाल तर भजनाच्या लांब व्हिडिओला ‘फाइल फार मोठी’ असं म्हणून तो नाकारण्याची शक्यता आहे. बरेच पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने मांडलेले असतात आणि त्यात एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही. डिस्क मग लॅपटॉपला लावून ठेवायची नाही, कपाटात. महिन्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीचा हिशेब लिहून झाला की काढायची, नवं तेवढं चढवायचं, परत आत. जुना डेस्कटॉपही इतक्यात भंगारात देऊ नका. चालतोय तोवर तिसरी प्रत म्हणून राहू द्या.

आणि ह्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून सांगतो : जाब विचारायला जायचं एक खरं कारण असू शकतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डाव्या कोपऱ्यात ‘डिस्क ०’ च्या खाली सबंध डिस्कचा आकडा असतो. तो ४७६ असेल तर गप्प बसा. तिथे २३८ दिसला असता तर खोक्यावर ५१२ छापून आत २५६ ची डिस्क घातली, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि मग मी स्वतः बिल घेऊन तुमच्याबरोबर आलो असतो.